बिनसिमचा टॅब

आमच्या आळीत कोणाला टॅब घ्यायचा असला की तो मला विचारायला येतो. का, तर आळीतला पहिला टॅब माझ्या घरी आला. परवा शेजारचे मास्तर आले. रिटायर आहेत, वेळ भरपूर. मी बसा म्हटलं नाही तरी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "नातवासाठी टॅब घ्याचा हाये. सिमवाला घेऊ का नुसता वायफायवाला? तुमचा काय अनुभव हाये?"

मी म्हणालो, "मास्तर, उठा."

"काहून? काय झालं?"

"उठा म्हनलं ना. दुकानदाराले विचारा. मी काय टॅबचा एजंट हाओ?"

मास्तर उठले. दारातून जाताना बायको गेल्यापासून याचं डोकं फिरलं असं म्हणाले, तेही मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. डोकं फिरलेलं नाही. जो अनुभव ते विचारत होते तो खुर्चीत बसून चहासोबत सांगायचा नाही, एवढंच. म्हणून लिहून ठेवतो. चौथी शिकलो आहे, अक्षर येतं.

मी मोहाडीचा विणकर. पन्नास वर्षं कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणलं. आमचा माग जमिनीत केलेल्या खड्ड्यावर असतो. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायानं पावड्या दाबतो, हातानं धोटा फेकतो. धोट्यात कांडी लागते, कांडीवर धागा लागतो, आणि तो धागा चरख्यावर भरून द्यायला घरात बाई लागते. बाईच्या हाताची कांडी घट्ट असली तर कापड सरळ येतं. सैल असली तर धागा कोसळतो आणि शिव्या मागावर बसलेल्याच्या तोंडातून निघतात. माझ्या बायकोनं चाळीस वर्षं कांड्या भरल्या. सैल कांडी मला आठवत नाही. शिव्या तरी मी दिल्याच.

आम्हाला दोन लेकरं. पोरगा जवाहरनगरला दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीवर, तिथंच क्वार्टरमध्ये राहतो. पोरगी नर्स झाली आणि आखाती देशात गेली. दोन वर्षांतून एकदा सुट्टी. पोरगा घरी आला की त्याच्या मोबाईलवर पोरगी दिसायची. पण बायकोच्या डोळ्यांत मोतीबिंदू, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, एकाचं राहिलेलं. ती मोबाईल नाकाला लावून पाहायची.

"एवढूसं तोंड दिसते वो माह्या पोरीचं," ती म्हणायची. "नखाएवढं. बारीक झाली का जाडी झाली काई समजत नाही."

माझ्याजवळ बटणाचा मोबाईल होता, अजूनही तोच आहे. त्याच्यात तोंड दिसत नाही, आवाज येतो. तेवढं मला पुरे होतं. तिला पुरे नव्हतं. मग पोरगीच म्हणाली, मायसाठी टॅब घ्या, मोठा पडदा असते, मी पैसे पाठवते, तुम्ही फक्त पसंत करा. पसंत मी केला. इथूनच सगळं बिघडलं.

पोरगा, ती आणि मी, तिघं भंडाऱ्याला गेलो. दुकानदार डोक्यावर चष्मा चढवून बसलेला होता. त्यानं काउंटरवर दोन टॅब मांडले. दिसायला दोन्ही सारखेच.

"दोन्ही एकच हायेत काकाजी," तो म्हणाला. "स्क्रीन सेम, बॅटरी सेम. फक्त याच्यात सिम टाकता येते, मोबाईलसारखं. रस्त्यानं न्या, शेतात न्या, गावाले न्या, कुठंही चालते. ह्या दुसऱ्यात सिम नाही. घरी वायफाय असन तं मस्त चालते. बाहेर नेला का मंग कोनाच्या तरी मोबाईलवरून हॉटस्पॉट घ्या लागन."

पोरगा म्हणाला, "घरी मी वायफाय लावून देतो. मंग सिम कायले पाहिजे?"

बायको त्याच्याकडं पाहतही नव्हती. तिनं सिमवाल्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मले हा पाहिजे."

मी दोन्ही उचलून पाहिले. आम्ही विणकर कोणतीही वस्तू आधी कडेनं पाहतो. व्यापारी आमचं कापडाचं थान उजेडाकडं धरतो आणि त्यात भोक शोधतो. एक भोक दिसलं की अख्खं थान दुय्यम. पन्नास वर्षं हेच पाहिलं. सिमवाल्याच्या कडेला एक खाच होती, तिच्यात एक बारीक भोक. दुसऱ्याची ती कड साफ.

"हे काय हाये?" मी विचारलं.

"सिमचा ट्रे. पिन टाकली का बाहेर येते."

"मतलब भोक."

"हो, भोकच म्हना."

आमच्या घरात धाग्याची लव उडते. दिवसभर उडते. भांड्यांवर बसते, देवावर बसते, डोळ्याच्या पापणीवर बसते. रेडिओत शिरली आणि रेडिओ मेला. भिंतीवरचं घड्याळ मेलं. टीव्हीच्या रिमोटची बटणं दबेनाशी झाली. मी म्हणालो, "भोकवाला नोको. लव शिरते. तो बिनभोकाचा द्या."

"चार्जिंगचं भोक तं दोन्हीले हायेच ना काकाजी," दुकानदार म्हणाला.

"एक भोक कमी ते कमीच ना."

बायको म्हणाली, "रेडिओ लवेनं नाही मेला जी दुकानदार. ह्यायनं खोलून पाहला म्हून मेला."

दुकानातले सगळे हसले. पोरगाही हसला. मी ते सहन करणारा माणूस नाही. तेव्हा नव्हतो, आताही नाही.

मी म्हणालो, "तुले सिम कायले पाहिजे? तू कुठं जाऊन राहिली मोठी? कलेक्टर हायेस?"

"कोंढ्याले नेईन, बहिणीच्या गावाले. तिले उठता येत नाही, पलंगावर पडली राहते. तिनं पोरीले लहानपनी पाहलं. तिले दाखवीन."

"कोंढ्याले जाशीन तं बहिणीसंग बोल ना. पोरीले कायले संग नेतं? तुह्या एकटीनं बैलगाडी नाही का भरत?"

आता लोक पुन्हा हसले, पण यावेळी तिला हसले. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. तिनं सिमवाल्यावरचा हात काढला. थोडी हसलीही. मग दुकानदाराला विचारलं, "याले कवर भेटते का जी?" म्हणजे तिनं मानलं. आमच्या घरात बाई अशीच मानायची, आणि आम्ही समजायचो की तिला पटलं.

कवर तिनं दुकानातलं घेतलंच नाही. घरी आल्यावर थानाच्या उरलेल्या तुकड्याचं स्वतः शिवलं, कोशाचं, बंद लावून. चार्जिंगच्या भोकासाठीसुद्धा तिनं एक लहान झाकण शिवलं. मला दाखवून म्हणाली, "घ्या. आता हाये का भोक?"

पोरानं वायफायची पेटी समोरच्या खोलीत दारावर लावली. माझा माग तिथंच समोर आहे. तिचा चरखा मागच्या सपरीत, म्हणजे टिनाच्या पडवीत. पेटीची रेंज सपरीत जात नव्हती. मधला उंबरा ओलांडला की पोरीचं तोंड अडकायचं. कधी डोळे मिटलेलं अडकायचं, कधी तोंड उघडं. बायको भाजीचं पातेलं दाखवायला चुलीकडं निघायची आणि उंबऱ्यात थांबायची.

"अडकली वो," ती म्हणायची. "माही पोरगी चुलीपर्यंत काई येत नाही."

"पाहुणी हाये ती. पाहुण्यानं समोरच बसाव," मी मागावरून म्हणायचो.

आठ दिवस तिनं असं केलं. नवव्या दिवशी तिनं चरखा उचलला आणि समोरच्या खोलीत, माझ्या मागाशेजारी आणून ठेवला. चाळीस वर्षांत चरखा त्या जागेवरून हलला नव्हता. मी विचारलं हे काय. म्हणे, "पोरगी नाही येत मागं, तं मी येतो समोर."

पोरीला दुपारी तीनच्या सुमारास सुट्टी मिळायची. तीन वाजले की टॅब वाजायचा. बायको तो चरख्यापुढं पाटावर उभा करायची आणि बोलत बोलत कांड्या भरायची. पोरगी तिकडं बसून डबा खायची आणि चरखा पाहायची. कधी कधी दोघी काहीच बोलायच्या नाहीत. चरख्याचा आवाज, मागाचा आवाज आणि तिकडून चमच्याचा आवाज. मला राग यायचा, कारण बोलण्यात हात थांबायचा आणि कांडी वेळेवर मिळायची नाही. मी धोटा आपटायचो. पोरगी तिकडून म्हणायची, "माय, बाबा चिडून राहिले. दे त्यायले कांडी." आणि दोघी हसायच्या.

मग ती कोंढ्याला गेली. पिशवीत टॅब घालून गेली. मी सांगितलं नाही की तिथं चालणार नाही. दुकानदारानं सांगितलं होतं, तिनंही ऐकलं होतं, पण तिला वाटलं असेल की पोरगी एवढी रोज येते तर तिथंही येईल. दोन दिवसांनी परत आली. मी खड्ड्यात बसल्या बसल्या विचारलं, "मंग? दाखवली का पोरगी बहिणीले?"

"दाखवली."

"काय म्हने बहीण?"

"म्हने तुही पोरगी लय काळी पडली बाप्पा. नाक नाही, डोळे नाही, नुसती काच." आणि स्वतःच हसली. मी पण हसलो. ती पिशवी ठेवायला मागं गेली आणि बराच वेळ सपरीतून आली नाही. मी कांडी मागितली तेव्हा आली.

कोंढ्याची बहीण त्यानंतर महिन्याभरात वारली. पोरीला न पाहता. बायकोनं मला त्याबद्दल एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो आणि गोष्ट संपली असती.

थंडीत तिचा श्वास भरून यायला लागला. आधी पायावर सूज, मग चार पावलं चालली की धाप. पोरानं गाडी आणली आणि आम्ही तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. निघताना ती एकच म्हणाली, "माहा टॅब घ्या." मी चिडलो. म्हणालो जीव वर जाऊन राहिला आणि हिला टॅब पाहिजे. पोरानं पिशवीत घातला.

पहिले दोन दिवस पोरगा संध्याकाळी यायचा. आपल्या मोबाईलवरून त्याला इंटरनेट द्यायचा, आणि पोरगी दिसायची. बायको ऑक्सिजनच्या मास्कमधून बोलू शकत नव्हती, पण पाहायची. पोरगी नर्स. ती तिकडून सांगायची, माय बोलू नोको, नुसती पाह्य माह्याकडं, श्वास हळू घे, माह्यासंग घे. आणि ती तिकडं श्वास घ्यायची, ही इकडं. डॉक्टरीण पाहून म्हणाली, चांगलं आहे हे, करत राहा. खरंच त्या वेळी तिची धाप बसायची. मी डोळ्यानं पाहिलं आहे.

तिसऱ्या दिवशी पोराला ड्यूटीवर जावंच लागलं. त्याच्याकडं मोबाईल आत नेता येत नाही, गेटवर ठेवावा लागतो. दुपारपासून हिची धाप वाढली. नर्स येऊन पाहून गेली, औषध वाढवलं. तीन वाजता माझा बटणाचा मोबाईल वाजला. पोरगी होती.

"बाबा, टॅब लावा ना. मायले पाहाचं हाये. तिचा श्वास मी बसवते."

"हो, लावतो," मी म्हणालो आणि मोबाईल बायकोच्या कानाला लावला. तिनं मान हलवली. मोबाईल हातानं दूर केला आणि पिशवीकडं बोट दाखवलं. मी टॅब काढला, बंद सोडले, कवरातून बाहेर घेतला, तिच्यापुढं धरला. काळी काच. तिच्यात तिचंच तोंड दिसत होतं, मास्क लावलेलं. तिनं ते पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं.

आता जे लिहितो ते कोणाला सांगितलं नव्हतं.

बाजूच्या पलंगाजवळ एक बाई बसली होती, सासूला घेऊन आलेली. हातात मोठा मोबाईल. हसरी बाई. सकाळी तिनं स्वतः होऊन माझ्या बायकोची वेणी घालून दिली होती. तिला मी म्हटलं असतं की बाई, जरा तुमच्या मोबाईलचं इंटरनेट ह्या टॅबाले द्या, तर तिनं लगेच दिलं असतं. एका मिनिटाचं काम. पोरगा रोज करतो ते मी पाहिलं होतं. बायकोनं त्या बाईच्या मोबाईलकडं पाहिलं, मग माझ्याकडं. बोटसुद्धा केलं. मला समजलं. मी न समजल्यासारखं केलं.

का? मला विचारायची लाज वाटली. पण नुसती लाज असती तर ती मी गिळली असती. मी विचारलं असतं म्हणजे त्या दुकानात तिचं बरोबर होतं हे कबूल झालं असतं, तेही तिच्या समोर. ती मरायला टेकली होती आणि मी दुकानातलं भांडण हरायला तयार नव्हतो. असा माणूस आहे मी. मास्तरांना हा अनुभव पाहिजे होता.

मी तिला म्हणालो, "पोरगा आला का लावू. थांब."

तिनं मास्क थोडा बाजूला केला आणि म्हणाली, "राहू द्या."

मग ती त्या काळ्या काचेकडं पाहून एकटीच श्वास मोजत राहिली. पाच वाजता गेली. साडेपाचला पोरगा मोबाईल घेऊन आला.

पोरगी तेरवीपर्यंत पोहोचली. दुसऱ्या दिवशी मागापाशी येऊन बसली आणि विचारलं, "बाबा, त्या दिवशी टॅब काहून नाही लागला? मी कितीदा केला."

"रेंज नव्हती तिथं," मी म्हणालो. पोरगा दारात उभा होता. रोज संध्याकाळी तिथं इंटरनेट चालत होतं हे त्याला माहीत होतं. तो काही बोलला नाही. पोरगी म्हणाली, "काय नशीब हाये," आणि रडली. मी पण रडलो. दोघं एकाच गोष्टीवर रडून राहिलो असं तिला वाटलं.

ती परत गेली. चरखा मी उचलून मागच्या सपरीत नेऊन टाकला, डोळ्यांपुढं नको म्हणून. मागावर अर्धं थान आहे ते तसंच आहे. कांडी कोण भरणार? तीन वाजता टॅब वाजायचा, हिरवं बटण दाबलं की पोरगी दिसायची. जेवले का, औषध घेतलं का, चिडता कायले. मी हो नाही करायचो. रोज तिच्या तोंडाकडं पाहायचो आणि रोज ती खोटी रेंज आठवायची.

एक दिवस ती म्हणाली, "बाबा, मी तुमच्यासाठी दुसरा टॅब पाठवते. सिमवाला. तुमी एकटे असता. दवाखान्यात जा लागलं, कोंढ्याले गेले, तं मले दिसले पाहिजे तुमी. मायसारखं नाही होऊ द्याचं."

"मले नोको."

"काहून नोको?"

"नोको म्हनलं ना! एकदा सांगितलं का समजत नाही?"

"चिल्लावता कायले? मी काय वाईट बोलली?"

मग माझ्या तोंडातून निघालं. "तुह्या मायनं मांगितला होता सिमवाला. मी नाही घेऊ देला. चार लोकाईपुढं तिची फजिती केली. आन तिथं रेंज होती. बाजूले बाई होती मोबाईल घेऊन. तुह्या मायनं बोट दाखवलं. मी नाही विचारलं."

पोरीचं तोंड काचेवर तसंच राहिलं. मला वाटलं अडकली. मग तिची पापणी हलली.

"दुकानातलं मले माहीत होतं," ती म्हणाली. "मायनं सांगितलं होतं हसून हसून. तुह्या बाबानं बिनभोकाचा घेतला म्हने." ती थांबली. "बाईचं माहीत नव्हतं."

"आता झालं माहीत."

"मी तिचा श्वास बसवत होती बाबा."

"मले माहीत हाये."

तिनं बंद केला.

त्याला एकोणीस दिवस झाले होते. तीन वाजायचे आणि टॅब वाजायचा नाही. मी रोज चार्ज करायचो. चार्जिंगच्या भोकाचं झाकण उघडायचो, फुंकर मारायचो, पिन लावायचो. लव शिरलेली नव्हती. उलट काच अजून नवीच दिसायची, ह्याचाही राग यायचा. पोरगा फोनवर म्हणाला, तिला वेळ द्या बाबा. मी म्हणालो, तू कायले शहाणपण शिकवतं, तू पण दारात मुका उभा होता. त्यानंही दोन दिवस फोन केला नाही.

मास्तर आले ते ह्याच दिवसांत. त्यांना हाकलल्यावर मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात गेलो. ते पेपर वाचत होते. मी म्हणालो, "सिमवाला घ्या." ते म्हणाले बसा, काहून म्हणता सांगा तरी. मी म्हणालो, "नातू काय म्हनते ते विचारा आन तोच घ्या," आणि परत आलो.

मग त्याच दुपारी मी टॅब पुढं घेतला. मी कधी स्वतःहून लावला नव्हता, नेहमी बायको लावायची. तिला पोरीच्या फोटोवर बोट ठेवताना मी पाहिलं होतं. मी बोट ठेवलं. वाजला, वाजला, बंद पडला. मी परत बोट ठेवलं. मी विचारत राहणार होतो. एकदा न विचारून पाहिलं आहे.

तिसऱ्यांदा पोरीनं उचलला. डबा पुढं होता. ती मला पाहत नव्हती, माझ्या मागं खोलीत पाहत होती.

"मायचा चरखा कुठं गेला?"

"सपरीत ठेवला."

"दाखवा."

मी टॅब घेऊन निघालो. उंबऱ्यापाशी गेलो आणि तिचं तोंड अडकलं, डोळे अर्धे मिटलेले. मी एक पाऊल मागं आलो. ती हलली.

"न्या ना पुढं," ती म्हणाली.

"याच्या पुढं नाही येत. बिनसिमचा हाये हा. मीच घेतला."

"माहीत हाये."

मी टॅब पाटावर उभा केला, जिथं बायको करायची तिथं. सपरीत गेलो, चरखा उचलला. जड आहे. माझ्या कमरेत आता तेवढा दम नाही. उंबऱ्यात एकदा अडकला, एकदा पायावर आला. बायकोनं तो कसा आणला असेल, मी तेव्हा मागावरून उठलोही नव्हतो. चरखा मागाशेजारी ठेवला आणि त्याच्यापुढं बसलो. पोरगी पाहत होती. बरी आहेस का म्हणून मी विचारलं नाही, तिनंही नाही. मला तिनं माफ केलेलं नाही. मी माफी मागितलीही नाही.

"भरा एक," ती म्हणाली.

मी धागा लावला आणि चाक फिरवलं. हात मागाचे, चरख्याचे नाहीत. कांडी भरली, पण दाबली की बोट आत जात होतं.

"सैल झाली," पोरगी म्हणाली.

"दिसते मले."

"मंग उकला. परत भरा."

मी उकलली. ती जेवायला लागली.